पटावर नाव आलं, पुढे काय?

पावसाळा सरता सरता ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून कितीतरी कुटुंबं कासची फुलं पाहायला साताऱ्याकडे निघतात. त्यांनी वाट थोडी वाकडी करून मुलांना प्रतापसिंह हायस्कूल दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

राजवाड्यात भरणाऱ्या या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद जपलेली आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

नाव दाखल झालं, पण वर्गात भिवाची जागा वेगळी. कोपऱ्यात, गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. इतर मुलं तहान लागली की गुरुजींना विचारून स्वतः नळ सोडून पाणी पीत. भिवाला मात्र गुरुजींची परवानगी पुरत नसे, शिपायानेच नळ सोडावा लागे. शिपाई नसला, तर तहानलेलंच राहायचं. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे.

यात कुणी हात उगारला नव्हता, हेच मला सर्वांत जास्त बोचतं. गुरुजी शिकवत होते, शिपाई नळ सोडत होता, मुलं आपापल्या जागी बसत होती. सगळे रीतीप्रमाणे वागत होते, आणि त्या रीतीनेच एका लेकराचा रोज अपमान होत होता. १७ मे १९३६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या कल्याणमध्ये धर्मांतराचा विचार लोकांपुढे मांडला, त्यामागे हे कोपऱ्यात काढलेलं बालपणही होतं.

शाळेत प्रवेश मिळाला तरी सोबत मिळतेच असं नाही, हे इतरत्रही दिसलं. अमेरिकेत १९५७ साली लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं लष्कराच्या बंदोबस्तात शिरली. सैनिकांनी त्यांना वर्गापर्यंत पोचवलं. डबा खाताना शेजारी बसणारा मित्र मात्र लष्कराला देता येत नाही.

आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. ठाण्या-डोंबिवलीतल्या शाळांच्या पटावरही ही नावं येतात. पुढचं काम आपलं, पालकांचं आहे. वाढदिवसाला सोसायटीतली मुलं बोलावताना या वर्गमित्राला आपण बोलावतो का? ‘त्या कोट्यातली मुलं’ असं घरी बोलून जातो का? आपलं बोलणं मुलं ऐकत असतात आणि दुसऱ्या दिवशी बाकावर कुणाशेजारी बसायचं, ते त्यावरून ठरवतात.

सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून कुणी मागे राहतंय का, हे पालकसभेत विचारायची वेळ त्याच मुलाच्या आईवर येऊ नये. ज्यांचे पैसे भरून झाले आहेत, त्यांनी उभं राहून ते विचारावं.