पाळकाचा पाळक कोण?

वऱ्हाडाने गाडगेबाबा पाहिले आहेत. गावात शिरायचे, हाती खराटा घ्यायचा, रात्री कीर्तनात लोकांना खडे बोल ऐकवायचे आणि पुढच्या गावाची वाट धरायची. त्यांच्या परखडपणामागे या चालत्या पायांचेही बळ होते. ख्रिस्ती पाळकाला ती सोय नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या एखाद्या घरी शनिवारी तो भावाभावांचे भांडण ऐकून घेतो आणि रविवारी त्याच दोघांसमोर क्षमेवर उपदेश करतो. दोघांनाही वाटते, बोट आपल्याकडेच आहे. त्यांतला एक मंडळीचा पंच असला, तर पाळकाच्या पगाराचा ठरावही त्याच्याच समोर यायचा. राहते घर बहुधा मंडळीचेच. लग्ने, अंत्यविधी, दवाखान्यातल्या भेटी यांची दगदग निदान दिसते तरी. पण ज्यांची गुपिते पोटात ठेवायची, त्यांच्याच हाती आपली चूल, हे कोणाला दिसत नाही. माझ्या मते खरा काच तिथे आहे.

मग पगारच सोडावा, असे कोणी म्हणेल आणि ना. वा. टिळकांचा दाखला देईल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. धाडस मोठेच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे, की टिळकांच्या औदार्याचा हिशेब घरात कोणाला जुळवावा लागे. एकाच्या वैराग्याने प्रश्न मिटत नाही, तो स्वयंपाकघरात सरकतो.

दुसरा आक्षेप अधिक भाविक आहे: देवाच्या सेवकाला प्रार्थना पुरे, माणसाचा आधार कशाला? शास्त्र मात्र तसे सांगत नाही. रतामाच्या झुडपाखाली एलीयाने मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला तू थकून जाशील, कामे वाटून दे, असे सांगणारा इथ्रो तर त्याचा सासरा, म्हणजे घरचाच माणूस. कॅथलिक फादरसुद्धा पापनिवेदनाला दुसऱ्या फादरकडे जातो. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ती चाल सोडली. तिच्या जागी पाळकासाठी काय ठेवले?

पाळक खचलेला दिसला तर कळप बिथरेल, ही भीती खोटी नाही. त्याने व्यासपीठावर रडगाणे गावे, असे कोणीच म्हणत नाही. पण स्तोत्रसंहितेतले विलाप उपासनेत चालतात आणि ते वाचणाऱ्याचा विलाप मात्र चालत नाही, हे विचित्र आहे. त्याला मन मोकळे करायला दुसऱ्या गावचा एखादा वडीलधारा पाळक हवा, ज्याचा त्याच्या पगाराशी, बदलीशी काही संबंध नाही. अमरावती–अकोला अंतर काही फार नाही.

पंचांना एवढीच विनंती आहे: यंदाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाला, की पाळकसाहेबांनी शेवटची रजा कधी घेतली, हेही विचारा.