खेळात बाई हरू शकतात का?

मूल खेळतंय असं त्याला वाटत असताना आपण त्याला गणित शिकवत असू, तर तसं त्याला सांगायला नको का?

प्रश्न फालतू वाटेल. चिंचोके मोजता मोजता पाच वर्षांच्या पोराला बेरीज आली, तर कुणाचं काय बिघडलं? पण ‘खेळातून शिक्षण’ हा आता सरकारी शब्द झाला आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून २०२१मध्ये ‘निपुण भारत’ आलं. २०२३मध्ये एनसीईआरटीने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, पत्त्यांचा ‘जादुई पिटारा’ काढला. चांगलंच झालं. फक्त त्या पेटीतून निघतो तो खेळ, की खेळाचे कपडे घातलेली चाचणी, हे पेटीवर लिहिलेलं नसतं. ते पेटी उघडणाऱ्यावर ठरतं.

फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. त्या खेळात बाई हरू शकतात का? ‘सांग बरं, किती मणी?’ असं विचारणाऱ्या बाईंना उत्तर आधीच ठाऊक असतं. तिथे मूल मणी मोजत नाही, बाईंचा चेहरा वाचतं. उलट अष्टचंगात कवड्या कशा पडतील हे कुणालाच माहीत नसतं. चार कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढी घरं चालायची. बाई तीन पडल्यावर चार घरं गेल्या, तर समोरचं पोर हात धरू शकतं. पुरावा जमिनीवर पडलेला असतो. आकड्याच्या बाबतीत मोठ्या माणसाला ‘तुम्ही चुकलात’ म्हणता येणं, ही मला त्या वयातली फार मोठी गोष्ट वाटते. वर्गात इतर कुठल्या विषयात त्याला ही मुभा आहे?

सागरगोट्यांकडे बघा. पाच गोट्यांतली एक वर उडवायची, ती खाली यायच्या आत जमिनीवरच्या चार उचलायच्या. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चारचे तुकडे पाडायच्या पाच रीतींपैकी चार रीती इथे हाताला कळतात. (दोन-एक-एक ही राहून जाते. कुणीतरी खेळात घालायला हरकत नाही.) संख्येची जाण म्हणतात ती हीच. चार म्हणजे फक्त तीननंतर म्हणायचा शब्द नव्हे. चार फोडता येतो, पुन्हा जोडता येतो, न मोजता नजरेत मावतो. तारा मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर महागड्या साहित्याऐवजी खडे-शिंपल्यांवर काम चालवलं. त्यात काटकसर होतीच, पण खडे मुलांच्या ओळखीचे होते हेही होतं.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भाग.

दिल्लीत २१४ बालवाड्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, २०१७मध्ये तो ‘सायन्स’मध्ये छापून आला. सुमारे दीड हजार मुलांपैकी काहींनी चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ खेळले. त्यांची उपजत जाण सुधारली आणि ती टिकलीही. अंकांच्या, चिन्हांच्या गणितात लगेच थोडा फायदा दिसला. मात्र पुढे शाळेचं गणित शिकताना ही मुलं इतरांच्या पुढे नव्हती. बाजारातल्या मुलांची गोष्ट याच्याच शेजारची. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात फेरीवाल्या मुलांना गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारले, तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर उदाहरण म्हणून दिली, तर ३७ टक्के. हे १९८५चं. २०२५मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल ‘नेचर’मध्ये जवळपास हेच आलं. शिवाय शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं. त्यांना वहीतलं येतं, बाजारातलं अडतं.

म्हणजे खेळ व्यर्थ? मला तसं वाटत नाही. पुन्हा कवड्यांकडे बघा. तीन उताण्या म्हणजे तीन, हे कुणीही मोजून पाहील. पण चारही पालथ्या पडल्या तर आठ! हे आठ कुठून आले? कवड्यांत शोधून सापडणार नाहीत. तो ठराव आहे, आणि कुणीतरी सांगितल्याशिवाय तो कळत नाही. शाळेचं गणित अशा ठरावांनी भरलेलं आहे. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणाऱ्या मुलाची जाण कच्ची असेलच असं नाही. आपल्या पूर्वजांनी तिसाला एक कमी असं नाव ठेवलंय, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस नऊ’सारखी वाचनाची सोपी रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम पोरांना अडवतो, हे त्यांचं म्हणणं थट्टेत वाहून गेलं. ठराव ज्यांना पाठ असतो त्यांना तो निसर्गनियम वाटतो.

म्हणून खरी फसवणूक खेळातून शिकवण्यात नाही. ती मुलाला खेळात रमवून, वहीची वेळ आली की ‘एवढंही येत नाही?’ म्हणण्यात आहे. ज्या घरात आई-बाबा रात्री वही घेऊन बसतात, तिथे हा पूल घरीच बांधला जातो. ज्या घरात ते कामावरून दमून येतात, तिथल्या मुलाकडे चार कवड्यांची पक्की समज असते, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा.

मग मुलाला सांगायचं का? सांगावं. ‘आत्ता खेळलो ना, ते आता लिहूया’ इतक्या साध्या शब्दांत. कवड्या पडल्या की आकडा कुणीतरी खडूने फरशीवर मांडायचा, पाळीपाळीने, बाईंचाही. दहा डाव झाले की तो रकाना सगळ्यांनी मिळून वाचायचा. आणि बाईंच्या नावापुढे तीनऐवजी चार लिहिलेला दिसला, की ओरडायचं.