डोक्यावर पाय कसा ठेवायचा?

मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत आणि सहा महिन्यांसाठी आलेले मराठी आजोबा सकाळी एकटेच पायी बाहेर पडलेले. ओहायो राज्यातल्या डब्लिनमध्ये हे दृश्य नवं नाही. राजधानी कोलंबसच्या वायव्येला, सायोटो नदीच्या काठी वसलेलं हे गाव आता राजधानीचंच उपनगर झालं आहे. गाडी चालवता येत नाही, तेव्हा गाव पायांनीच बघायचं. वारीत दिंडीबरोबर चालताना प्रत्येक थांब्याची गोष्ट सांगणारं कोणीतरी असतं. इथे तसं कोणी नसतं. समोर दगड असतो आणि त्याचा अर्थ आपला आपण लावायचा असतो.

नदीवरचा 2020 साली खुला झालेला झुलता पादचारी पूल बघून होतो. दुसऱ्या एका बाजूला माल्कम कॉक्रन यांनी 1994 मध्ये उभी केलेली काँक्रीटची 109 कणसं आहेत. माणसाहून उंच, ओळीने उभी. शेती गेली, तिची आठवण राहिली, इतकं ती कणसं सरळ सांगतात. खरा प्रश्न उभा राहतो तो सायोटो पार्कमध्ये.

तिथे एक चेहरा आहे. राल्फ हेल्मिक या शिल्पकाराने 1990 मध्ये केलेला, 12 फूट उंच. कोकणात गडगा रचतात तसे चुनखडीच्या चपट्या दगडांचे थर एकावर एक बसवले आहेत आणि त्यातूनच नाक, ओठ, गालाची हाडं वर आली आहेत. केस मागच्या उतारात मिसळून जातात. त्या उतारावरून चालत गेलं की माणूस थेट कपाळाच्या वर, डोक्याच्या मोकळ्या जागेत येतो. मुलं तिथे आनंदाने उभी राहतात. शिल्पकाराचीच तशी योजना आहे.

मराठी माणसाचं पाऊल मात्र इथे अडखळतं. चुकून कुणाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी आपण माणसं. डोक्यावर उभं कसं राहायचं? आणि हे डोकं आहे तरी कुणाचं?

ते वायंडॉट जमातीच्या शातेयारोन्या या प्रमुखाचं आहे. दिलेला शब्द मोडत नाही म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचं नाव लेदरलिप्स ठेवलं होतं. गोऱ्यांशी झालेल्या 1795 च्या ग्रीनव्हिल तहावर त्याने सही केली आणि पुढे तो तह पाळलाही. टेकुमसे आणि त्याचा भाऊ, ‘पैगंबर’ म्हणून ओळखला जाणारा टेन्स्क्वाटावा, गोऱ्यांविरुद्ध सगळ्या जमातींची एकजूट करत होते, तेव्हा हा म्हातारा त्यांच्यात गेला नाही. 1810 च्या जूनमध्ये त्याच्याच जमातीचे काही लोक त्याच्या छावणीवर आले. आरोप होता चेटकाचा. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी सेल्स घराण्यातल्या एकाने त्याच्या सुटकेसाठी आपला घोडा देऊ केला होता, अशी नोंद आहे. उपयोग झाला नाही. लेदरलिप्सने चांगले कपडे घातले, चेहरा रंगवला, मृत्युगीत म्हटलं आणि खणलेल्या खड्ड्याजवळ गुडघे टेकले. पहिल्या घावानंतर त्याच्या मानेवर आलेला घाम दाखवून मारेकऱ्यांनी तोच अपराधाचा पुरावा मानला, असंही जुन्या वृत्तान्तात आहे.

घाम, म्हणून चेटूक. हे वाचून ‘त्यांच्याकडचं रानटीपण’ म्हणून पुढे जाण्याची सोय मराठी वाचकाला नाही. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याचा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, आणि मगच महाराष्ट्रात तो कायदा आला. त्या दगडी मानेवर आपलाही घाम आहे.

ज्या 1810 मध्ये हा म्हातारा मारला गेला, त्याच सुमारास जॉन सेल्सने जवळच गावाची आखणी सुरू केली. त्याचा आयरिश भागीदार जॉन शील्ड्सने गावाला आपल्या जन्मगावाचं नाव दिलं. ते नाव टिकलं आहे. वायंडॉटांनी मात्र 1843 मध्ये ओहायो सोडलं. या राज्यातून हलवली गेलेली ती शेवटची जमात.

मग त्या डोक्यावर उभं राहायचं की नाही? पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. संतांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. त्यांनी पाय मागितले, आणि भाविक तिथे डोकं टेकवतात. तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. त्यांना देवळात शिरू दिलं जात नव्हतं, म्हणून ती बाहेर. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं यासाठी साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. म्हणजे एकाच दारात दोन जागा: एक स्वतः मागून घेतलेली, दुसरी वाट्याला आलेली. दोन्हींपुढे आपण सारखेच हात जोडतो, पण दोन्हींचा अर्थ सारखा नाही.

लेदरलिप्सने काही मागितलं नव्हतं. त्याचं डोकं उघडं ठेवण्याचा निर्णय दुसऱ्यांनी, दीडशेहून अधिक वर्षांनी घेतला. शिल्पकाराचा हेतू वाईट होता असं अजिबात नाही. त्या कपाळातून माणसाने समोरची नदी बघावी, हा विचार सुंदर आहे. तरी नमस्कार करणाऱ्याने एवढं विचारलंच पाहिजे, की हा मान ज्याला दिला त्याला, निदान त्याच्या वारसांना, कुणी विचारलं होतं का? ज्याच्या मनात हा प्रश्न आला, त्याने खुशाल चढावं. त्याचा पाय अपमानाचा नाही. ज्याच्या मनात तो आलाच नाही, त्याने समोर उभं राहून हात जोडले तरी तो नमस्कार कोराच.

वारस आहेत. वायंडॉट राष्ट्र आज ओक्लाहोमात नांदतं आहे. ओहायो सोडताना अप्पर सँडस्की इथलं मिशनचं देऊळ आणि त्याची जमीन त्यांनी मेथडिस्ट चर्चच्या हवाली केली होती. 2019 च्या सप्टेंबरमध्ये चर्चने ती जमीन त्यांना परत दिली. डब्लिनहून उत्तरेला साधारण तासाभराचा रस्ता आहे. पायी जमणार नाही. मुलाला एका रविवारी गाडी काढायला सांगावं.