काचियूयोसाठी मागणं

देवा, आज एका झुडपासाठी तुझ्या दारी आले आहे.

चिलीच्या उत्तरेला तू आटाकामाचं वाळवंट अंथरलंस. पाऊस तिथे वर्षानुवर्षं फिरकत नाही. जमीन खारट, आणि त्या खारात पुन्हा आर्सेनिक, आमच्या जुन्या माणसांचा सोमल. एल तातिओच्या उकळत्या झऱ्यांतून तो वर येतो, सालादो नदीतून लोआ नदीत उतरतो, समुद्राची वाट धरतो. अशा जागी तू काचियूयो लावलास. तुझी करणी मला कळत नाही. कळावी असा हट्टही नाही. घटकाभर त्याच्यापाशी बसू दे, एवढंच.

त्याची पानं रुपेरी, पिठी चोळल्यासारखी. ती पिठी म्हणजे इवल्या फुगीर पेशी. नको असलेलं मीठ झुडूप त्यांत भरतं, त्या सुकतात, फुटतात, आणि मीठ पानाबाहेर पडतं. खाराची तोड तू त्याला दिलीस. उपकार तुझे.

पण सोमलाचं त्याने काय करावं? स्फुरदावाचून झाड जगत नाही, आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात आर्सेनिक स्फुरदाच्या बरोबर खालच्या घरात बसतं. तोंडवळा इतका सारखा की मुळं फसतात. स्फुरद आत घ्यायची जी वाट, तिनेच विष आत येतं. वाट बुजवली तर अन्नही बाहेरच राहील. देवा, इथे मला माझं सगळं आठवतं. माझ्यातही जे विष आलं ते गरजेच्याच वाटेने आलं. माया मागितली, तिच्या पाठोपाठ भीती आली. मान मागितला, मत्सर आला. किती वेळा तुला विनवलं की ही वाटच बंद कर. तू ऐकलं नाहीस. आता पाया पडून सांगते, ऐकू नकोस.

वाट उघडी असू दे. आत आलेल्याचं काय करायचं, ते तेवढं शिकव.

झुडूप आधी विषाचं रूप पालटतं. हे दुसरं रूप पहिल्याहून जहाल, पण गंधकाच्या तावडीत सापडणारं. गंधक असलेल्या छोट्या प्रथिनसाखळ्या त्याला धरतात, पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन कोंडतात. बरंचसं विष मुळांतच अडतं, पानांपर्यंत त्यामानाने थोडं चढतं. हे काही फुकट होत नाही, वाढ खुंटते. झुडूप जगतं मात्र. मलाही मोठी वाढ नको. विष पालटताना मधेच अधिक जहाल होतं ना, त्या घटकेला माझा हात धर.

आणि माणसांचं काय, देवा? तिथलंच आंतोफागास्ता शहर १९५८पासून तोकोन्से नदीचं पाणी प्यालं. लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं त्यात. जागतिक आरोग्य संघटना आज १०च्या वर नको म्हणते. १९७०मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, तरी फुफ्फुसाचे आणि मूत्राशयाचे कर्करोग पुढे कित्येक वर्षं माणसं नेत राहिले. त्या आयांनी लेकरांना पाणीच तर पाजलं होतं. काचियूयोची मुळं तू माणसाला दिली नाहीस. रागाने नाही म्हणत. बरं, थोडं रागाने म्हणते. तुझ्यावाचून कुणावर रागावू? त्याच मुलखातल्या कामारोनेसच्या खोऱ्यात काहींवर तू कृपा केलीस. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ममी करणारे चिंचोरो लोक त्याच भागातले, त्यांच्या ममींच्या केसांतही आर्सेनिक सापडलं. आज तिथल्या पुष्कळांच्या अंगात विषाचा निचरा सुकर करणारी जनुकाची रूपं आहेत. पण तेवढ्यासाठी किती पिढ्या खर्ची पडल्या असतील, ते तुलाच ठाऊक.

मी कोण हिशेब मागणारी? तरी तोंडातून निघतं. पोटात घे.

अशा झुडपांनी विषारी जमीन धरून ठेवता येईल, धूळ उडायची थांबेल, असं जाणते म्हणतात. ते होवो. पण सगळंच विष झऱ्यांचं नाही. तांब्याच्या खाणी माणसांनी खणल्या, भट्ट्या माणसांनी पेटवल्या. त्यांची घाण निस्तरायचं काम एका मुक्या झुडपाच्या गळ्यात घालून आम्ही हात झटकू, अशी भीती वाटते. तेवढी लाज आम्हांला दे.

चरायला येणाऱ्या शेरडांना, लामांना सांभाळ. लोआकाठच्या घरांत प्यायला निर्मळ पाणी पोचू दे. आणि जे ते पाणी गाळतात, तपासतात, त्यांना सोमल लिटरमागे १०च्या खाली येईपर्यंत थकू देऊ नकोस.