आजोबांनी घातलेलं कोडं

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रात्री एक म्हातारा पोटात गोळी लागून पडला आहे. हाताशी थोडीच मिनिटं उरली आहेत. एवढ्या वेळात तो मारेकऱ्याचं नाव लिहीत बसत नाही. अतिनील प्रकाशातच दिसणाऱ्या शाईने तो जमिनीवर आठ आकडे लिहितो. १, १, २, ३, ५, ८, १३, २१ ही फिबोनाचीची मालिका, पण सगळी उलटसुलट केलेली. त्याखाली दोन ओळी, वरवर पाहता अर्थहीन. पोलिसांना त्याचा अर्थ लागत नाही. त्याच पोलीस खात्यात सांकेतिक लिपीचं काम करणाऱ्या सोफीला मात्र ते कळतं. आकडे विस्कटलेत, म्हणजे खालची अक्षरंही विस्कटलेली आहेत. कळायचं कारण एकच: मेलेला माणूस तिचा आजोबा आहे, आणि तिच्या लहानपणी तो वाढदिवसाच्या भेटी लपवून कोडी मागे ठेवायचा.

या दृश्याने सुरू होणारी डॅन ब्राउनची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली आली आणि तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. कुणी म्हणतं चर्चच्या गुपितामुळे, कुणी म्हणतं प्रत्येक छोटं प्रकरण ऐन मोक्याला तोडल्यामुळे. दोन्ही खरं आहे. पण धर्माची गुपितं आणि मोक्याला तुटणारी प्रकरणं इतर शेकडो कादंबऱ्यांतही असतात. मला खरी ओढ त्या आजोबात दिसते.

माझी आजी रात्री अंथरुणावर हुमाण घालायची. घातलं की ती छताकडे नाही, आमच्या तोंडाकडे बघायची. फार वेळ लागला तर हळूच एक शब्द सोडायची. उत्तर आलं की आमच्याहून तिलाच जास्त आनंद. कोडं घालणाऱ्याला कोडं सुटायला हवं असतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

खऱ्या जगातली सांकेतिक लिपी याच्या अगदी उलट असते. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले ते बाहेरच्या कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून. त्या पोथ्या शतकानुशतकं मठांत बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा त्यांना मदत करणारा आजोबा पलीकडे नव्हता. होती ती चिकाटी.

कादंबरीत आजोबा पानोपानी असतो. गुप्त मजकूर ठेवायला त्याने बनवलेली दगडी नळीच घ्या. पाच चकत्या, प्रत्येकीवर सव्वीस अक्षरं, म्हणजे एक कोटी अठरा लाखांवर शक्यता. जबरदस्तीने उघडाल तर आतली व्हिनेगरची कुपी फुटणार आणि मजकुराचा पपायरस विरघळून जाणार. एवढा बंदोबस्त करून चावीचा शब्द कोणता ठेवला? सोफिया. नातीच्याच नावाचं जुनं रूप. वाचकालाही तिथे क्षणभर वाटून जातं की जगात कुणीतरी आपल्याला ओळखून, आपल्यासाठीच काही लपवून ठेवलं आहे. हे सुख मोठं आहे आणि त्याला हलकं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

कोडं घालण्याचा मोह न्यायाधीशांनाही आवरला नाही. ब्राउनने आपली कल्पना चोरल्याचा आरोप करत ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’च्या दोघा लेखकांनी लंडनमध्ये दावा लावला आणि २००६ साली ते हरले. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकालपत्रातच काही अक्षरं तिरक्या टाइपात पेरून फिबोनाचीवर बेतलेलं स्वतःचं कोडं घातलं. एका वकिलाने ते सोडवलंही.

ब्राउनवर माझा राग आहे तो एका पानासाठी. कथा सुरू होण्याआधी ‘वस्तुस्थिती’ म्हणून तो सांगतो की ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संस्था आहे. ती नाही. पिएर प्लांतार नावाच्या माणसाने १९५६ साली फ्रान्समध्ये या नावाची एक संस्था नोंदवली, तिला खोटा इतिहास चिकटवला आणि त्याचे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले. कुणीतरी आपल्यासाठी उत्तर लपवून ठेवलंय या भावनेने भारलेला वाचक अशा वेळी पुरावा मागत नाही. त्याचा हात आधीच आजोबांच्या हातात असतो. म्हणून तर तिथे खोटं सांगणं जास्त वाईट. कितीतरी वाचकांनी ती संस्था खरी मानली.

त्या पानाची कादंबरीला काहीच गरज नव्हती. जमिनीवर आकडे लिहिणारा म्हातारा आणि ते वाचू शकणारी नात, एवढं पुरेसं होतं.