गांडुळाच्या अटी

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं. रिकाम्या जागा भरा मध्ये त्याला हमखास एक गुण असायचा. या मित्राला खायला काय लागतं, ऊन सोसतं का, मुक्कामाला जागा कशी हवी, हे मात्र कोणी विचारलं नाही. उलट सभांमधल्या भाषणांत ‘दुतोंडी गांडूळ’ ही शिवी होऊन बसली. वास्तविक गांडुळाला तोंड एकच, तेही बिनदातांचं. डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुसं नाहीत. श्वास ओल्या कातडीतून घ्यायचा. कातडी सुकली की खेळ संपला. इतक्या कमी भांडवलावर जगणाऱ्याच्या अटीही मोजक्याच असतात. ओल हवी, अंधार हवा, खायला कुजकं हवं आणि वरून सारखी ढवळाढवळ नको.

या अटी अगदी काटेकोर पाळल्या जातात त्या गांडूळखताच्या बेडवर. छपराच्या सावलीत तीन फूट रुंदीचा वाफा, नाहीतर हल्ली दुकानात मिळतो तो बारा बाय चारचा प्लॅस्टिकचा तयार बेड. तळाला तुऱ्हाट्या, पाचट, धसकटं. त्यावर सोयाबीनचं भुस्कट, भाजीपाल्याची नासाडी आणि शेण. ते ताजं नको. ताजं शेण कुजताना तापतं आणि त्यात सोडलेली गांडुळं मरतात, नाहीतर रातोरात कडेवरून पळ काढतात. नवख्याचं पहिलं कल्चर बहुधा असंच जातं. म्हणून सगळा माल आधी पंधरा-वीस दिवस बाहेर अर्धवट कुजवायचा, आत हात घालून गार लागला की मगच गांडुळं सोडायची. किलोभर कल्चरमध्ये ती हजाराच्या आसपास भरतात. वर ओलं गोणपाट टाकायचं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, धार लागू नये. मुंग्या, कोंबड्या, उंदीर, बेडूक या सगळ्यांवर नजर ठेवायची. एकूण कारभार बाळंतिणीच्या खोलीसारखा.

दीड-दोन महिन्यांत वरचा थर काळा, दाणेदार होतो. शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसातल्या मातीचा वास येऊ लागतो. मग पाणी तोडायचं, माल उजेडात ढिगाने ओतायचा. उजेड टाळत गांडुळं तळाशी जातात आणि वरचं खत हाताने अलगद उचलून घेता येतं. इथे फावडं घालायची घाई करणाऱ्याला मी कधी चांगला गांडूळवाला मानलेलं नाही.

हे सगळं झाल्यावर हिशेब करायचा मोह होतो, आणि तो करूनच टाकावा. सरकारी मानकाप्रमाणे गांडूळखतात नत्र किमान एक टक्का हवं; चांगल्या खतात दीडपर्यंत जातं. म्हणजे टनभर खतातून नत्र मिळणार दहा ते पंधरा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ते वीस किलोच्या वर असतं. टनभर खत बैलगाडीतून नेऊन पसरायचं, की एक गोणी मोटारसायकलवर टाकून आणायची? या प्रश्नाला शेतकरी जे उत्तर देतो त्यात त्याचं काही चुकत नाही. गांडूळखत हे युरियाला पर्याय म्हणून विकणाऱ्यांनीच ते हरवलं, असं माझं मत आहे. त्याची खरी किंमत नत्राच्या रकान्यात नाही. त्यात सेंद्रिय कर्ब आहे, जमिनीत कामाला लागणारे जिवाणू आहेत, मातीचे कण धरून ठेवणारा चिकटा आहे. पाऊस पंधरा दिवस ओढला तर ज्या रानात हे आहे ते रान तग धरतं. एवढं मिळवायचं तर एकराला एक-दोन टन खत लागतं, तेही दरवर्षी. चार एकरवाल्याने विकत घेऊन घालण्याची ही गोष्ट नाही. घरचे बेड किती घालणार? गोठ्यात बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर शेणही आता हिशेबानेच निघतं.

मग बेडवरची गांडुळंच शेतात सोडली तर? हा सल्लाही गावोगाव दिला गेला. पण बेडवर असते ती आयसेनिया फेटिडा, नाहीतर पश्चिम आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी. ही शेणात, पालापाचोळ्यात, वरच्या थरात राहणारी जात. उघड्या काळ्या रानात चैत्राच्या उन्हात ती सोडणं म्हणजे तिला मारणं. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचा गांडूळखताला विरोध सर्वांना माहीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पाळेकर, २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले. बाहेरून आणलेला हा किडा खरा गांडूळच नव्हे, असं ते म्हणत आले. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर नाही, आयसेनिया हे गांडूळच आहे. पण त्यांच्या म्हणण्यातलं एक मला पटतं. जमिनीत खालीवर फिरून बिळं पाडणारं, पावसाचं पाणी आत नेणारं गांडूळ वेगळं आहे, आणि ते डब्यात भरून विकत मिळत नाही. ते इथलंच असतं. रान ओलं आणि झाकलेलं राहिलं तर खालून आपोआप वर येतं.

ते किती काम करतं आणि किती सावकाश करतं, हे चार्ल्स डार्विनने मोजलं होतं. १८३७ मध्ये त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत गांडुळांवर पहिला निबंध वाचला. पुस्तक लिहिलं १८८१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी. मधल्या काळात त्याने घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. २९ वर्षांनी तिथे चर खणला, तेव्हा खडूची पांढरी रेघ सात इंच खाली सापडली. वरची सात इंच माती गांडुळांनी खालून वर आणून टाकली होती. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून अधिक सुकी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा अंदाज. म्हाताऱ्याने गांडुळांच्या कुंड्यांसमोर मुलाकडून बासून हे मोठं फुंकवाद्य वाजवून घेतलं, त्यांना काही ऐकू येतं का ते पाहायला. त्यांनी ढिम्म लक्ष दिलं नाही. कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, तेव्हा मात्र ती बिळात शिरली. हादरा त्यांना कळतो.

तो पियानोचा एक सूर होता. आपल्याकडे पात्यांनी माती घुसळणारा रोटाव्हेटर आहे. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, हे लहानपणी ऐकलेलं खोटं आहे. डोक्याकडचा भाग कधी जगतो, शेपटाकडचा मरतो. रोटाव्हेटर तर दोन तुकड्यांवर थांबतही नाही. आणि ऊसपट्ट्यात तोडणी उरकली की हिवाळ्यात संध्याकाळी जागोजाग पाचट पेटतं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट तासाभरात जातं. राखेत पालाश उरतं. नत्र आणि कर्ब धुरातून जातात. शेतकऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही. पाचट ठेवलं तर पाणी सरीतून नीट पुढे सरकत नाही, उंदीर होतात, आत हात घालताना सापाची भीती असते, मजूर नाक मुरडतो. काडी एक रुपयाचीही नसते.

तरी काही जण पाचट एकाआड एक सरीत ओढून ठेवतात, बुडखे छाटून घेतात, पाचटावर थोडं युरिया-सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं कल्चर टाकून पाणी देतात. पावसाळ्यानंतर त्या पाचटाखाली हात घातला की बेडवरच्याच अटी पुऱ्या झालेल्या दिसतात. ओल आहे, अंधार आहे, कुजकं आहे. तोडलेल्या उसाचाच खोडवा असल्यामुळे नांगरही लागलेला नसतो. सरीत बारीक गोळ्यांची विष्ठा पडलेली असते. गांडुळं कोणी आणून सोडलेली नसतात.

अशाच एका शेतकऱ्याला मी विचारलं, तुम्ही तर पाचट ठेवता, बेडही आहेत, मग ओढ्यापलीकडचा तुमचा ऊस जाळलेला कसा दिसतोय? तो म्हणाला, “ते रान खंडाचं आहे. मालक पुण्याला असतो, पुढच्या साली कुणाला देईल काय माहीत. घरच्या दीड एकरात पाचट ठेवतो, व्हर्मी टाकतो. खंडाच्या रानाला युरिया.”