गुप्त सामर्थ्य आणि उघड तिरस्कार

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंचीं मुलें चोपड्यास आलीं होतीं. त्यांतील लहानग्यानें एके दुपारीं मोबाईलवर एक जुनी चित्रमालिका लावून तो आमच्यापुढें धरला आणि विचारलें, "मोठे काका, तुमच्या लहानपणचें हेंच ना?" होय, तेंच होतें. १९८३ ते १९८५ या काळांत अमेरिकेंतील फिल्मेशन कंपनीनें १३० भागांत काढलेली 'ही-मॅन'ची ती मालिका त्या दशकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडे दूरदर्शनवर येई, आणि गल्लींतील एकुलत्या एका संचासमोर आम्ही वीस-पंचवीस मुलें मांडी घालून बसत असूं. सातपुड्याकडचा वारा सुटला कीं गच्चीवरची अँटेना फिरे आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. मग एकानें वर चढून काठी धरावी व खालून इतरांनीं "आलें, आलें, गेलें!" असें ओरडावें, हा त्या कार्यक्रमाचाच एक भाग होता.

पन्नाशी उलटल्यावर तीच मालिका पाहतांना तिचे दोष डोळ्यांत भरतात. तींच तींच चित्रें भागामागून भाग वापरलेलीं. नायक तलवार उगारून रूप बदलतो तो प्रसंग तर दर वेळीं हुबेहूब तोच. मॅटेल कंपनीचीं खेळणीं १९८२ सालीं बाजारांत आलीं व ही मालिका मागाहून निघाली, हेंही आतां आम्हांस माहीत आहे. प्रत्येक भागाच्या शेवटीं इसापनीतींतल्याप्रमाणें जें तात्पर्य सांगितलें जाई, त्यांत बोधाबरोबर व्यापाऱ्याचा सावधपणाही असावा. परंतु विकत आणलेल्या दिव्याचाही उजेड पडतोच. तेव्हां तो वाद येथें नको. आमचें मन अडकलें तें दुसऱ्याच एका गोष्टींत.

कथेचा नायक राजपुत्र ॲडम. बाप त्याला आळशी व बेजबाबदार समजून वेळोवेळीं बोल लावतो. राज्याचें रक्षण करणारा तो महाबली पुरुष दुसरा कोणी नसून हाच मुलगा आहे, हें शस्त्रागाराचा प्रमुख, गडावरची मांत्रिका आणि दरबारचा एक वेंधळा जादूगार यांच्यावांचून जवळजवळ कोणासच ठाऊक नाहीं. आईला मात्र तें उमगलें असावें, अशी सूचना एका कथेंत मिळते. पुतण्यानें विचारलें, "तो राजाला सांगून कां टाकत नाहीं?" बारा-तेरा वर्षांचे असतांना हाच प्रश्न आम्हीं विचारला होता. त्या वेळीं कोणीं उत्तर दिलें नाहीं; आज उत्तर देण्याची पाळी आमच्यावर आली.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाहीं. विराटपर्वांत अर्जुन बृहन्नडेच्या वेषांत कौरवांचा पराभव करतो, आणि जयाचें श्रेय घेण्यास राजपुत्र उत्तराला सांगतो. इकडे विराट मुलाची स्तुति करीत द्यूत खेळत असतो. कंक झालेला युधिष्ठिर म्हणतो कीं, बृहन्नडा ज्याची सारथी आहे त्याला जय कां न मिळावा? हें ऐकून संतापलेला राजा हातांतील फांसा त्याच्या तोंडावर मारतो आणि त्याच्या नाकांतून रक्त वाहूं लागतें. गुप्त ठेवलेल्या पराक्रमाची किंमत कोणाच्या रक्तानें चुकती होते, हें व्यासांनीं येथें दाखवून ठेवलें आहे.

आमच्या घरींही अशी किंमत चुकती झाली. आमचे वडील प्राथमिक शिक्षक. बारावीनंतर पुण्यास शिकण्याचा आम्हीं हट्ट धरला. खर्च झेपणार नाहीं, जळगांवास शीक, असें ते म्हणाले. त्यांच्या बरोबरीच्या शिक्षकांचीं घरें झालीं होतीं, मुलें पुण्यास गेलीं होतीं. आम्हीं रागाच्या भरांत म्हटलें, "अण्णा, जन्मांत तुम्हांला जमलें तरी काय?" त्यांनीं चष्मा सारखा केला आणि पुढची वही तपासावयास घेतली. आईनें कांहीं न बोलतां त्यांचें ताट वाढलें. पुढें कित्येक वर्षें आम्हीं कोणत्याही महत्त्वाच्या कामीं त्यांचा सल्ला घेतला नाहीं. त्यांना सल्ला देण्याजोगें कांहीं कळत असेल, असेंच वाटत नव्हतें.

ते वारल्यावर तापीकांठीं अस्थि विसर्जन करून परततांना आमचे काका वाटेंतच बसले. ऐन काढणीच्या तोंडावर वादळानें त्यांची केळीची बाग आडवी केली होती आणि त्यांच्या डोक्यावर सावकाराचें कर्ज झालें होतें. तें कर्ज आमच्या वडिलांनीं अकरा वर्षें पगारांतून फेडलें. "घरांत बोलायचें नाहीं, अशी दादानें शपथ घातली होती," काका म्हणाले.

खरें सांगावयाचें तर आम्हांस प्रथम राग आला, आणि तो अण्णांचा. त्यांनीं आपला त्याग झांकला, परंतु त्या झांकण्यानें आम्हांस अपराधी होऊं दिलें. उजव्या हाताचें दान डाव्यास कळूं नये हें जगाच्या बाबतींत ठीक. पण जीं माणसें एका ताटलींत जेवतात, रोज आपल्याविषयीं मत बनवितात, त्यांच्यापासून सत्य लपविणें म्हणजे त्यांच्या हातून अन्याय घडवून आणणें नव्हे काय?

हा युक्तिवाद आम्हीं बरींच वर्षें उराशीं धरला. त्यांतील पहिली चूक पुष्कळ उशिरां दिसली. तें रहस्य एकट्या अण्णांचें नव्हतेंच. त्याखालीं काकांची लाज झांकलेली होती. सतरा वर्षांच्या तापट मुलाच्या हातीं तें पडतें, तर एखाद्या भांडणांत त्यानें तें काकांच्या तोंडावर फेंकलें असतें, हें आम्ही स्वतःस ओळखून सांगतों. गैरसमजाची व्यथा गोड मानून जो गप्प बसतो, त्याच्या मौनांत अहंकार असूं शकतो. दुसऱ्याची लाज राखण्यासाठीं जो गप्प बसतो, त्याच्यावर तो आरोप लागूं होत नाहीं.

दुसरी चूक अधिक मोठी. आम्ही धरून चाललों होतों कीं, आमचा तिरस्कार अज्ञानांतून जन्मला. परंतु बृहन्नडा म्हणजे अर्जुन हें न ओळखणें हा विराटाचा अपराध नव्हे. फांसा मारणें हा अपराध. बृहन्नडा खरोखरच साधी नृत्यशिक्षिका असती, तर तो प्रहार योग्य ठरला असता काय? तसेंच, अण्णांनीं कोणाचें कर्ज फेडलेलें नसतें, ते केवळ एक तोकड्या पगाराचे, कांहीं न साधलेले शिक्षक असते, तर आमचे ते शब्द रास्त ठरले असते काय? अज्ञानामुळें मत चुकतें. तिरस्कार मात्र आपण स्वतः निवडतों. काकांनीं सत्य सांगितलें तेव्हां आमचें मत बदललें, पण आमचा अपराध तेव्हां निर्माण झाला नाहीं आणि पूर्वीं माहिती मिळती तर तो पुरता टळला असता असेंही नाहीं. आम्हीं तो दुसऱ्या कोणावर केला असता.

किंबहुना करीतच होतों. वर्गांत मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला आम्हीं वर्षानुवर्षें आळशी म्हटलें आहे. अलीकडे कळलें कीं, त्यांतील एक जण रात्रभर ट्रकमध्यें केळीचे घड भरून सकाळीं तासाला येतो. हें कळल्यावर त्याच्याशीं आम्ही सौम्यपणें बोलूं लागलों, आणि त्याच सौम्यपणाची आम्हांस लाज वाटली. कारण शेजारीं पेंगणाऱ्या दुसऱ्याशीं आम्ही तसे बोलत नव्हतों. प्रत्येकाच्या पोटांत एखादा ही-मॅन दडला आहे, म्हणून जपून वागावें, हें तात्पर्य मुलांच्या मालिकेस शोभेल. ज्याच्या पोटांत कांहींच दडलेलें नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों, यांत आपली खरी परीक्षा आहे.

पुतण्या उत्तरासाठीं थांबला होता. "राजाला कधीं तरी कळतें का, काका?" त्यानें पुन्हां विचारलें. आम्हीं म्हटलें, "कळो न कळो, बाळ. न कळतांही त्याला नीट वागतां आलें असतें."